मनातले गुपित कुणाला आणि कसे सांगावे

ऐरोलीतील नोकरी सुटल्यानंतर तीन आठवडे मी रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत असे आणि ठाण्यात मासुंदा तलावाकाठी बसून दुपारी तो उघडत असे. आईने पहाटे उठून केलेली गवारीची भाजी घशाखाली उतरत नसे. संध्याकाळी तिच्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊन मोकळे व्हायला दोन क्षण पुरत. दिवसभर मात्र, कुणी काहीही विचारलेले नसताना, तीच गोष्ट मनात घोळत राही. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ मधील संशोधनातही हेच आढळले, की गुपित इतरांपासून लपवण्याच्या प्रसंगांपेक्षा मन एकांतात त्याकडे वळण्याचे प्रसंग अधिक असतात आणि त्रासही त्यांचाच होतो.

म्हणून आधी आठवडाभर आपल्या मनावर लक्ष ठेवावे. जी गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत नाही, ती आपली खासगी बाब आहे. पगार, श्रद्धा किंवा जुने प्रेम मनात ठेवल्याने कुणी खोटा ठरत नाही. पण जिच्यामुळे घरात वावरताना आपण आपलेच सोंग वठवत आहोत असे वाटू लागते, ती बोलून टाकावी.

थेट बोलणे जड जात असेल, तर सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, तिच्याविषयी लिहावे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची पद्धत अशीच होती. कागद नंतर फाडला तरी चालेल.

माणूस निवडताना एकच पाहावे: दुसऱ्यांची गुपिते त्याने कधी आपल्याकडे आणली आहेत का? आणली असतील, तर आपलेही गुपित त्याच वाटेने जाईल. समोरासमोर बसण्यापेक्षा उपवन तलावाला फेरी मारताना, शेजारी चालत बोलणे मला सोपे गेले. 'सल्ला नको, फक्त ऐकून घे,' हे मित्राला आधीच सांगितले होते. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र मन हलके करण्यासाठी वापरू नये; ती आपली नसते. जवळचे कुणीच नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

मित्राशी बोलून हायसे वाटले, तरी ज्या व्यक्तीशी खोटे बोललो तिला सांगणे शिल्लक राहतेच. त्याच रात्री मी आईला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग तिने विचारले, "इतके दिवस उन्हात बसत होतास?"