इंग्लंडहून फ्रान्सला एका दिवसाची हवाई सहल: विमानतळ कसा निवडावा

स्वच्छ हवेत डोव्हरच्या वर पोहोचलं की फ्रान्सचा किनारा समोर दिसतो. २५ जुलै १९०९ रोजी फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओ हीच इंग्लिश खाडी उलट दिशेने, कॅलेजवळून डोव्हरला, सुमारे ३७ मिनिटांत ओलांडून आला. आज फ्लाइंग क्लबचं भाड्याचं सेसना, म्हणजे एका इंजिनाचं लहान विमान, घेऊन तुम्ही त्याहून लवकर पलीकडे जाल. अडचण उड्डाणात फारशी नाही. खरा प्रश्न आहे तो कुठे उतरायचं हा. बहुतेक जण समुद्रकिनारा आणि जेवण बघून ठिकाण ठरवतात. मी परतीपासून सुरुवात करते: संध्याकाळी जिथून घरी निघणं सोपं, तोच विमानतळ दिवसाच्या सहलीसाठी चांगला.

आधी सरहद्द, मग नकाशा

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनहून येणाऱ्या विमानाला पासपोर्ट आणि कस्टम्सची तपासणी होते अशाच फ्रेंच विमानतळावर उतरावं लागतं. निघतानाही तसंच. त्यामुळे नकाशावरच्या शेकडो सुंदर गवती धावपट्ट्या सुरुवातीलाच बाद होतात. आग्नेय इंग्लंडमधून जाणाऱ्यांसाठी जवळची नावं उरतात ती ल तुके आणि कॅले. थोडं लांब दोव्हिल, आणि बेल्जियममध्ये ओस्टेंड.

यादीत नाव आहे म्हणजे अधिकारी तिथे बसलेलेच असतील असं नाही. अनेक ठिकाणी ते पूर्वसूचना दिल्यावरच येतात. ती किती तास आधी द्यायची, शनिवार-रविवारी काय, हे प्रत्येक विमानतळाचं वेगळं असतं आणि बदलत राहतं. म्हणून त्या देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपत्रकात विमानतळाचं पान उघडून वाचा; मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. एका रविवारच्या सहलीसाठी मी शनिवारी सकाळी सूचना पाठवली होती. तिथला नियम मात्र कामाच्या दिवशी सूचना देण्याचा होता. आकाश निरभ्र, विमान तयार, आणि आम्ही दिवसभर घरी. तेव्हापासून मी हे पान सगळ्यात आधी वाचते.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, कारण इथे क्लबमध्ये ती कुणी सांगत नाही. तुमचा किंवा सोबतच्या कुणाचा पासपोर्ट भारतीय असेल, तर ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असली तरी फ्रान्स-बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा लागतोच. तो एकाच प्रवेशाचा असेल तर दुपारच्या जेवणात संपून जातो. अनेक प्रवेशांचा मागा. आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या ब्रिटनच्या व्हिसावर परत येता येईल ना, तेही तपासा.

परवानाही पाहून घ्या. साधा खाजगी वैमानिक परवाना आंतरराष्ट्रीय दर्जाचा असतो, पण हलक्या विमानांचा मर्यादित परवाना तसा नसतो. तो असणाऱ्याने परदेशात चालेल असं गृहीत धरू नये.

वारा कुठून आहे?

ल तुके ब्रिटिश वैमानिकांचं जुनं लाडकं ठिकाण आहे. धावपट्टी पक्की आणि लहान विमानाला भरपूर लांब, गाव पायी अर्ध्या-पाऊण तासावर, त्यापलीकडे रुंद वाळूचा किनारा. पण ती धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे आणि या किनाऱ्यावर वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे जवळजवळ काटकोनात आडवा. सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा चाचणीत दाखवून दिलेला आकडा १५ नॉट (ताशी १५ समुद्री मैल) आहे. तो विमानाचा आकडा आहे; तुमचा आकडा तुम्ही गेल्या महिन्यात किती वाऱ्यात नीट उतरलात यावर ठरतो.

कॅलेची धावपट्टी मात्र साधारण याच वाऱ्याकडे तोंड करून आहे. विमानतळ शहराबाहेर मार्क गावाजवळ असल्याने टॅक्सी लागते, आणि ल तुकेची मजा तिथे नाही. तरी नैर्ऋत्येचा वारा १५-१८ नॉट असेल त्या दिवशी मी कॅलेच निवडीन. दुपारी वारा वाढतो, आणि तुम्हाला निघायचं असतं तेही दुपारीच.

मधलं पाणी

डोव्हरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी सुमारे १८ समुद्री मैल आहे. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर साधारण एकास नऊ या प्रमाणात (एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे) तरंगत खाली येतं. ५,००० फुटांवरून ते सव्वासात-साडेसात मैल जाईल; म्हणजे मध्ये तीन-चार मैलांचा असा पट्टा उरतो, जिथून कुठलाच किनारा गाठता येत नाही. ६,५०० फुटांवरून साडेनऊ मैल मिळतात आणि पट्टा नाहीसा होतो. हे हिशेब शांत हवेचे आहेत; समोरचा वारा ते लगेच बिघडवतो. शिवाय ढग आणि नियंत्रित हवाई क्षेत्र (जिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही) तेवढी उंची देतील का, हे नकाशावर पाहावं लागतं. आता इंग्लंडच्या दक्षिणेच्या आइल ऑफ वाइट बेटावरून फ्रान्समधल्या शेरबूरला जायचा विचार करा: ६० मैलांच्या आसपास पाणी. अशा वाटेत बराच वेळ तुम्ही पाण्यावर उतरण्याची शक्यता मान्य करून उडत असता. पहिल्या सहलीला अरुंद जागेवरूनच जावं, आणि विमानतळही त्याला धरून निवडावा, असं माझं ठाम मत आहे.

लाइफ जॅकेट अंगात घाला, मागच्या सीटवर ठेवू नका; आणि विमानाबाहेर पडेपर्यंत ते फुगवू नका. हिवाळ्याच्या शेवटी इथलं पाणी ८-९ अंशांवर असतं. बारामती किंवा धुळ्याला उडायला शिकून इकडे आलेल्यांना अजून एका गोष्टीची सवय नसते: धुरकट दिवशी समुद्र आणि आकाश एकच होतात आणि क्षितिज हरवतं. जमिनीवर दृश्यमानता पुरेशी वाटली तरी पाण्यावर ती पुरेलच असं नाही.

भाषा आणि इंधन

काही फ्रेंच विमानतळांवर, किंवा नियंत्रक नसतो त्या वेळेत, रेडिओवर फक्त फ्रेंच चालते. माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लहान जागी इंधनाचा पंप एकाच तेल कंपनीचं कार्ड घेतो, साधं बँकेचं नाही. परतीचं आणि राखीव इंधन घरूनच नेता येत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मात्र चार जण बसवायचे असतील तर वजनाचा हिशेब पुन्हा करा.

घड्याळ उलटं चालवा

समजा उन्हाळा आहे आणि घरचं मैदान, म्हणजे आपण जिथून उडतो तो विमानतळ, संध्याकाळी ५ ला बंद होतं. तासभर हाताशी ठेवून ४ ला उतरायचं, उड्डाण एक तासाचं, म्हणजे ल तुकेहून ब्रिटिश वेळेने ३ ला निघायचं. फ्रान्समध्ये तेव्हा ४ वाजलेले असतात. पासपोर्ट, लँडिंग फी, हवामान आणि विमानाची तपासणी यांसाठी तिथल्या ३ ला विमानतळावर हवं. तिथल्या सकाळी साडेअकराला उतरलात तर गावासाठी जेमतेम अडीच-तीन तास मिळतात. हे गणित बसत नसेल तर अजून जवळचं ठिकाण शोधा. फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या आगाऊ द्यायच्या आराखड्यात, सगळ्या वेळा यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) लिहायच्या असतात; गोंधळ तिथेच होतो.

ब्रिटनचा जनरल एव्हिएशन रिपोर्ट (विमान आणि त्यातल्या माणसांची सरकारला द्यायची माहिती) जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, निघण्याच्या ४८ ते २ तास आधी ऑनलाइन भरावा लागतो. वरच्या उदाहरणात परतीच्या अहवालाची शेवटची वेळ तिथल्या दुपारी २ ला येते, नेमकी जेवणाच्या मध्यात. म्हणून दोन्ही अहवाल आदल्या रात्रीच भरा. फ्लाइट प्लॅन किमान ६० मिनिटं आधी द्या.

आदल्या रात्री दोन गोष्टी अजून ठरवा. हवामान फिरलं तर विमान तिथे ठेवून फेरीबोटीने परत यायची तयारी सोबतच्या प्रत्येकाची आहे का, हे विचारा. सोमवारी सकाळी कामावर पोहोचायलाच हवं असा कुणी असेल तर रविवारी निघू नका. दुसरं, घरच्या मैदानावर नियंत्रण कक्ष नसेल तर एक जबाबदार माणूस नेमा. तुमच्या अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत तुम्ही उतरला नाहीत, तर त्याने कुणाला फोन करायचा तो नंबर त्याच्याजवळ लिहून द्या, आणि उतरल्यावर सामान काढण्याआधी त्याला फोन करा.