पोचा आलेली जुनी सायकल-फ्रेम घेण्यापूर्वी

वापरलेल्या सायकलच्या फ्रेमवर पोचा असला की तिची किंमत उतरते आणि उतरलेल्या किमतीमुळेच ती घ्यावीशी वाटते. अशा वेळी दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात: ही फ्रेम सुरक्षित आहे का, आणि तिचे मोल किती? हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावेत आणि पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सुरक्षित फ्रेमवरचा पोचा हा घासाघिशीचा विषय होऊ शकतो. असुरक्षित फ्रेम मात्र फुकट मिळाली तरी महागच पडते, कारण पुढच्या भागातली नळी चालत्या सायकलवर तुटली, तर स्वाराला सावरायला वेळ मिळत नाही.

सर्वांत आधी फ्रेम कशाची आहे हे ठरवावे. खिशात एक छोटे लोहचुंबक असले की निम्मे काम होते. ते चिकटले तर फ्रेम पोलादाची. चिकटले नाही तर ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा कार्बन. ॲल्युमिनियमच्या नळ्या सहसा जाड व्यासाच्या असतात आणि सांध्यांवर वेल्डिंगच्या ठळक लहरी दिसतात. टायटॅनियमची फ्रेम बहुधा रंग न दिलेली, करड्या धातूची असते. कार्बनवर नखाने टिचकी मारली तर धातूचा नाद येत नाही. फ्रेमवरच्या स्टिकरवर विसंबू नये. पुष्कळदा त्यावर लिहिलेला दर्जा फक्त तीन मुख्य नळ्यांपुरता असतो, आणि मागचे दांडे किंवा पुढचे चाक धरणारा चिमटा वेगळ्याच धातूचा निघतो. म्हणून चुंबक प्रत्येक नळीला लावून पाहावे.

ही चौकशी महत्त्वाची आहे, कारण तोच पोचा दोन धातूंमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. पोलाद तुटण्यापूर्वी वाकते आणि ताणले जाते. शिवाय ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा पडला तरी ते त्यामुळे थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक धक्क्यागणिक त्याच्या आयुष्याचा थोडासा भाग खर्च होतो, आणि पोच्याच्या कडेला ताण एकवटत असल्याने तिथे हा खर्च अधिक वेगाने होतो. सायकलसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ६०६१ या मिश्रधातूला वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून बळकटी परत द्यावी लागते. त्यामुळे अशी नळी नंतर कोणी गॅसवर तापवून सरळ केली असेल, तर तिची ताकद तेवढ्या भागात गेलेली असते.

नळीची जाडीही सगळीकडे सारखी नसते. चांगल्या पोलादी फ्रेमच्या नळ्या टोकांना ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर आणि मध्यभागी ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीच्या असू शकतात. सांध्यांजवळ वाकवणारा जोर जास्त असतो म्हणून तिथे धातू जास्त ठेवलेला असतो, आणि मधला भाग वजन वाचवण्यासाठी पातळ केलेला असतो. त्यामुळे मध्यभागी पोचा सहज पडतो, पण तिथे तो तुलनेने निरुपद्रवी असतो. सांध्याजवळ पोचा पडायला मोठा आघात लागतो, आणि तो पडलाच तर गंभीर असतो. नखाने टिचक्या मारत नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले, तर बदलत्या नादावरून पातळ भाग कुठे सुरू होतो याचा अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष पाहणी. फ्रेम ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. चिखलाखाली काहीही लपू शकते. विजेरी नळीला जवळजवळ समांतर धरली की पोच्याची सावली पडते आणि त्याचा खरा आकार दिसतो. वाटीसारखा गोल, उतरत्या कडांचा पोचा हा सौम्य प्रकार. धारदार रेघेची दुमड हा वाईट प्रकार, आणि त्यातही नळीच्या लांबीला आडवी गेलेली दुमड सर्वांत वाईट, कारण पुढचा मोठा धक्का बसला की नळी नेमकी त्याच रेघेवर मोडते. नळीवर सरळ पट्टी टेकवून खोली मोजावी. कॅलिपर मिळाला तर पोच्याजवळ नळीचा व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजावा. आघाताने नळी चपटी झाली असेल, तर डोळ्याला न दिसणारे हे अंडाकृतीपण आकड्यांत लगेच दिसते.

पोच्याच्या कडेचा रंग नीट पाहावा. रंग धातूपेक्षा ठिसूळ असल्याने तो आधी तडकतो, म्हणून रंगातली प्रत्येक रेघ म्हणजे धातूतला तडा नव्हे. पण तसे गृहीत धरून सोडूनही देऊ नये. कापसाचा बोळा हलक्या हाताने रेघेवरून फिरवावा. तंतू अडकले तर तिथे कड उघडी आहे. विक्रेत्याची हरकत नसेल, तर तेवढाच रंग बारीक पॉलिश कागदाने काढून खालचा धातू पाहावा. पोलादात रेघेतून गंजाचा तांबूस ओघळ येत असेल किंवा ॲल्युमिनियमवर रंग फुगून खाली पांढरी भुकटी दिसत असेल, तर दोष रंगापुरता राहिलेला नाही. शंका फिटत नसेल, तर वेल्डिंगच्या कामात वापरतात ते भेगेत शिरणारे रंगीत द्रव्य लावून घ्यावे. धातूत तडा सापडला की तपासणी तिथेच संपली. ती फ्रेम घेऊ नये.

नवशिक्यांची एक फसगत इथे नोंदवायला हवी. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्यांना, पेडलच्या आसाजवळ, कारखान्यातच खोलगट दाबलेले असते, जेणेकरून टायर, दातेरी चक्र आणि क्रँक यांना जागा मिळावी. हे खोलगटपण गुळगुळीत असते आणि त्यावरचा रंग अखंड असतो. तसेच मागच्या दांड्यांच्या टोकांजवळ आतल्या बाजूला दिसणारी बारीक भोके जोडकामाच्या वेळी तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून पाडलेली असतात. यांपैकी कशालाही दोष समजून चांगली फ्रेम सोडू नये.

पोचा कुठे आहे यावरून तो कशाने पडला ते बहुतेक वेळा कळते, आणि माझ्या मते पाहणीतला हा सर्वांत बोलका भाग आहे. वरच्या आडव्या दांड्याच्या बाजूला, पुढच्या भागात असलेला छोटा पोचा बहुधा सायकल पडताना हँडल गरकन फिरून त्याचे टोक आपटल्याचा असतो. पोलादी फ्रेमवर असे पोचे वर्षानुवर्षे काही त्रास देत नाहीत. समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबलेली खूण असेल, तर दुरुस्तीच्या स्टँडचा किंवा गाडीवरच्या कॅरिअरचा चाप जास्त आवळला गेला असे समजावे; इथे पातळ नळी दोन्हीकडून चेपलेली असते, म्हणून व्यास मोजल्याशिवाय मत बनवू नये. खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखालचे टोचे बहुतेक दगडांचे असतात.

या सगळ्यांहून वेगळी एक खूण आहे. हँडलखालच्या उभ्या नळीच्या लगेच मागे, आडव्या किंवा तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवावे. तिथे सुरकुती, फुगवटा किंवा लाटेसारखा उंचवटा लागला, तर सायकल समोरून जोरात धडकलेली आहे. विक्रेता यालाही पोचा म्हणेल, पण हा पोचा नव्हे. चाक मागे ढकलले गेल्याने नळी दाबाखाली चुरमडली आहे. डोळ्याला ही खूण वरून दिसत नाही, म्हणून बोटांनीच शोधावी. सोबत चिमटाही बाजूने पाहावा: उभ्या नळीची रेषा चिमट्याच्या पायांच्या वरच्या भागात सरळ उतरली पाहिजे, पाय तिथून मागे झुकलेले दिसले, तर शंकेला जागा राहत नाही. अशी फ्रेम कोणत्याही धातूची असो, नाकारावी. चिमट्यावर पोचा किंवा दुमड असेल तर तोही बदलायचाच. तिथे सौम्य-गंभीर असा भेद करण्यात अर्थ नाही.

फ्रेम सरळ आहे का हे तपासायला एक दोरा पुरतो. मागच्या चाकाच्या आसाची एका बाजूची खाच, तिथून पुढे उभ्या नळीला वळसा, आणि परत दुसऱ्या बाजूची खाच असा दोरा ताणून बांधावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी हवीत. एकदोन मिलिमीटरचा फरक खपतो, त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका बाजूला सरकला आहे. मागच्या खाचांमधले अंतर १२६, १३० किंवा १३५ मिलिमीटर अशा प्रचलित मापांपैकी एक असते. मधलेच काही निघाले, तर फ्रेम ओढली किंवा दाबली गेली असावी. पोलादी फ्रेम जाणता कारागीर थंड अवस्थेतच वाकवून जाग्यावर आणू शकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तसा प्रयोग करू देऊ नये.

कार्बनबद्दल थोडक्यात आणि ठामपणे सांगतो: कार्बनला पोचा पडत नाही. त्याचे तंतू धातूसारखे वाकून राहत नाहीत, ते तुटतात. म्हणून खोलगट किंवा अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणारी जागा म्हणजे आतले थर फुटलेले आहेत. नाणे हलके ठोकत गेल्यास निरोगी भागाचा टणक आवाज अशा जागी बोदा होतो. तज्ज्ञाने श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासून दिल्याशिवाय अशी फ्रेम घेऊ नये. टायटॅनियम चिवट आहे आणि गुळगुळीत पोचा सोसते, पण त्याच्या वेल्डिंगचे सांधे बारकाईने पाहावेत.

सुरक्षिततेची खात्री झाली की मगच मोल. त्याच आकाराच्या, पोचा नसलेल्या फ्रेमचा चालू भाव हा आधार धरावा आणि सुट्या भागांची किंमत वेगळी मोजावी. येथे पोच्याहून महागात पडणाऱ्या गोष्टी तपासाव्यात. सीटची दांडी वर-खाली सरकते का? पोलादी नळीत ॲल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षे तशीच राहिली तर दोन धातूंच्या संयोगाने ती जणू वितळून चिकटते, आणि ती काढण्याचा खर्च फ्रेमच्या किमतीवर जाऊ शकतो. पेडलच्या आसाचे आटे शाबूत आहेत का? बहुतेक जुन्या फ्रेममध्ये उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, आणि हे न जाणता कोणी जोर लावलेला असला तर ते खराब झालेले असतात. पोलादी फ्रेममध्ये आतून गंज आहे का, हे तिथेच विजेरी टाकून पाहता येते. सीटच्या नळीवर पोचा असेल, तर तो सीटच्या दांडीच्या किंवा गिअरचा भाग नळीवर आवळणाऱ्या पट्ट्याच्या आड येतो का हे पाहावे.

दुरुस्तीचा हिशेब पोलादापुरताच करावा. गोल खाचेच्या ठोकळ्यांमध्ये नळी दाबून-फिरवून पोचा बराच बाहेर काढता येतो, उरलेला भरून रंगवता येतो. पण ते मुख्यतः दिसण्यासाठी असते. पूर्ण नळी बदलणे शक्य असले, तरी सामान्य फ्रेमसाठी तो खर्च परवडत नाही. भरलेला आणि ताज्या रंगाखाली लपवलेला पोचाही चुंबकाने सापडतो, कारण पुटीच्या जागी त्याची ओढ एकदम कमी होते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर सांध्याजवळ पोचा असेल, तर फ्रेमची किंमत शून्य धरून केवळ सुट्या भागांचे पैसे द्यावेत. बहुतेक कंपन्यांची हमी पहिल्या मालकापुरतीच असते, म्हणून तिच्या जोरावर जास्त भाव मागणाऱ्याला भुलू नये. आणि पेडलच्या आसाच्या नळीखाली कोरलेला क्रमांक घासलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

घेतलेल्या फ्रेमच्या पोच्याच्या कडा बारीक पेनाने आखून फोटो काढून ठेवावा आणि खडबडीत रस्त्यावरून आल्यावर त्याच जागी पुन्हा पाहावे. पोच्यावर स्टँडचा चाप कधीही लावू नये. आखलेल्या रेघेबाहेर नवी रेघ दिसली किंवा पेडलवर जोर देताना त्या बाजूने नवी करकर ऐकू येऊ लागली, तर त्या दिवसापासून सायकल चालवणे बंद करावे. तड्याच्या टोकाला भोक पाडून किंवा वरून ठिगळ वेल्ड करून ती पुन्हा रस्त्यावर आणू नये.