बेंचवर कोणाला बसवायचं?

फुटबॉल टीमचा बेंच, म्हणजे बदली खेळाडू, ही काय उरलेली पोरं नव्हेत भावांनो. पहिलं नाव दुसऱ्या गोलकीपरचं, यावर वादच नको, आमच्या कीपरचं एकदा बोट मुरगळलं न स्ट्रायकरला ग्लोव्हज घालून उभा केला, पुढचं विचारू नका. मग सेंटरला पण न साइडला पण चालेल असा एक डिफेंडर, एक दमाचा मिडफिल्डर आणि कडेनं पळणारा एक सुसाट विंगर, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर उन्हात शेवटी शेवटी समोरच्यांचे पाय जड झाले की मगच त्याला सोडायचा. २०१४ च्या वर्ल्डकप फायनलला जर्मनीचा गोट्झे बेंचवरून ८८ व्या मिनिटाला उतरला न ११३ व्याला गोल मारला! मोठ्या मॅचला पाच बदल मिळतात पण हाफटाइम सोडून तीनदाच थांबून करायचे, त्यामुळे एक राखून ठेवा. तोंड पाडून बसणारा मात्र घेऊच नका, कितीही भारी असू दे.