लूझियाच्या तंबूत शिरण्याआधी

आईबाबा मुक्कामाला असताना सर्कशीची तिकिटं काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ आहेत का?" त्याचं उत्तर आधीच देऊन टाका. 'लूझिया' या सर्कशीत वाघ नाहीत, हत्ती नाहीत, रिंगमास्टरही नाही. एक घोडा आहे, एक जग्वार आहे, पण दोन्ही कळसूत्री. ते चालवणारी माणसं समोर दिसत असतात. आमचे बाबा मिरजेचे. सर्कस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर म्हैसाळच्या देवलांच्या सर्कशीसकट सगळी परंपरा येते. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८०च्या सुमारास स्वतःची सर्कस काढली, ही गोष्ट ते पाहुण्यांनाही ऐकवतात. त्यांना जनावरांशिवायची सर्कस म्हणजे मीठ नसलेली आमटी. म्हणून मी त्यांना गाडीत बसायच्या आधीच सांगितलं, ही कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या 'सर्क द्यू सोले'ची सर्कस आहे. तिच्यात माणसं हेच प्राणी. बाबा "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

मुंबईकरांनी या मंडळींचा 'बझार' हा खेळ २०१८ साली वांद्रे-कुर्ला संकुलात पाहिला असेल, तर अंदाज आहेच. 'लूझिया' त्याहून वेगळा आहे. २०१६ साली माँट्रियलमध्ये सुरू झालेला, मेक्सिकोवर बेतलेला हा खेळ तंबू घेऊन शहरोशहरी फिरतो. लंडनला मात्र तो रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. शक्य असेल तर तंबूतलाच बघा. नाव स्पॅनिशमधल्या 'लूस' म्हणजे प्रकाश आणि 'युविया' म्हणजे पाऊस यांतून जुळवलंय. पुढचं सगळं या दोन शब्दांभोवती फिरतं, म्हणून तेवढे दोन सगळ्यांकडून पाठ करून घ्या. गाणी जवळजवळ सगळी स्पॅनिशमध्ये आहेत, गोष्ट कुणी उलगडून सांगत नाही. आमच्या आईने पहिली दहा मिनिटं "काय म्हणतेय ती?" असं विचारण्यात घालवली. तेव्हा घरातूनच ठरवून जा, की काय म्हणतेय ते विचारायचं नाही.

आता जागा. तंबूचा व्यास ५१ मीटर, उंची १९ मीटर, आत अडीच हजारांहून जास्त माणसं मावतात. रंगमंच गोल आणि पुढे आलेला, प्रेक्षक तीन बाजूंनी. तंबू पेलणारे चार मोठे खांब असतात आणि ते कुणाच्या तरी नजरेच्या आड येणारच. मी पहिल्यांदा स्वस्तात मिळाली म्हणून जी जागा घेतली, तिच्यासमोर खांब होता आणि निम्मी झुल्याची कसरत मी मान वाकडी करून पाहिली. तिकीट काढताना 'दृश्य अंशतः अडलेलं' असं काही बारीक अक्षरात लिहिलंय का ते वाचा. अगदी पुढच्या रांगेचा सोस नको. तिथून चेहरे छान दिसतात, पण वरून पडणाऱ्या पाण्यात जी चित्रं उमटतात ती थोड्या वरच्या रांगांतून आणि शक्यतो समोरून जास्त नीट कळतात, असं माझं मत. अगदी कडेच्या जागा मी तरी घेणार नाही.

पाणी, हो. तंबूत पाऊस पडतो. वरच्या तोट्या एकेक करून उघडतात-मिटतात, म्हणून पडत्या धारांच्या पडद्यात फुलं, पक्षी, मासे असे आकार तयार होतात आणि क्षणात खाली जातात. खालच्या फळीला हजारो बारीक भोकं आहेत. पाणी त्यांतून तळाच्या टाकीत जातं, गाळून, जंतुमुक्त करून पुन्हा वर चढवलं जातं. कलाकारांना गारठा लागू नये म्हणून ते कोमट ठेवतात. हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्येच "एवढं पाणी वाया?" असा प्रश्न तुमच्या घरातून नक्की येणार. दुष्काळी भागातून आलेल्या आईबापांच्या मुलांना तो यावाच. ओल्या फळीवर सिर चाकं, म्हणजे माणूस आत उभा राहून फिरवतो ती मोठी कडी, घरंगळत असतात आणि वर झुल्यावरची बाई चिंब भिजत फिरत असते. तिथे पाणी थांबताक्षणी पुढच्या खेळासाठी फळी चालण्याजोगी झालेली असते. हे मला त्या सगळ्या उड्यांपेक्षा अवघड वाटतं. प्रेक्षकांसाठी छत्री लागत नाही. तंबूबाहेरच्या रांगेसाठी मात्र लागू शकते.

कपड्यांचं थोडक्यात: आत वातानुकूलन असतं, तेव्हा आईसाठी शाल, मुलांसाठी एकेक स्वेटर. पायात बूट. तंबू बहुधा रेसकोर्स, जत्रेचं मैदान किंवा मोठ्या पार्किंगच्या जागेत उभारतात, म्हणजे खडी, उतार, पाऊस झाला असेल तर चिखल. आईची चप्पल गेल्या वेळी चिखलात रुतली ती काढायला दोघं लागलो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी खालच्या, पायऱ्या कमी असलेल्या जागा मागून घ्या. फोन करून विचारलं की बहुतेक वेळा सोय होते.

जेवून जा. आतलं खाणं महाग, आणि बाहेरचं बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. दशमी-चटणी गाडीतच संपवायची. एकूण खेळ साधारण दोन तासांचा, त्यात पंचवीस मिनिटांचं मध्यंतर. स्वच्छतागृहाच्या रांगेत त्यातली वीस जातात, तेव्हा लहान मुलांना सुरू होण्याआधीच नेऊन आणा. आवाज मोठा असतो, मध्ये प्रकाशाचे झोत लखलखतात, धूर सोडतात. कानाला त्रास होणाऱ्या मुलासाठी आवाज कमी करणारी, कानावर लावायची ती गादीची झाकणं बरोबर ठेवा. मोबाइलचा फ्लॅश बंद करूनच बसा. वर उडालेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो गेला तर काय होईल ते सांगायला नको.

खरी तयारी मात्र घरच्या टेबलावर, आदल्या रात्री करायची. अर्धा तास पुरतो.

तंबूत आल्याबरोबर रंगमंचावर झेंडूचं शेत दिसतं. हजारो फुलं, ती खोटी असली तरी तो पिवळा-केशरी रंग आपल्या ओळखीचा. आई म्हणाली, "अगंबाई, दसरा!" तिला मी तिथे जे सांगितलं ते आधीच सांगायला हवं होतं, म्हणून तुम्ही तरी आधी सांगा. हा झेंडू मुळात मेक्सिकोचाच. तिथल्या जुन्या नावात्ल भाषेत त्याचं नाव 'वीस फुलं' अशा अर्थाचं आहे. स्पॅनिशमध्ये तो झाला 'सेम्पासूचिल'. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांचा दिवस असतो, तेव्हा घरापासून थडग्यापर्यंत याच्या पाकळ्यांची वाट आखतात, म्हणजे गेलेल्यांना परतीचा रस्ता सापडावा. आपण ज्याचं तोरण करून दारावर बांधतो आणि दसऱ्याला वाहनाच्या पुढे लटकवतो, तो युरोपीयांच्या जहाजांतून मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ यांच्या सोबत इथे आला. पाचशे वर्षांत इतका घरचा झाला की कुणाला शंका येत नाही. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे आपला दसरा मेक्सिकोला देणं लागतो." हे वाक्य मला आवडलं.

मग फुलपाखरू. सुरुवातीलाच एक धावणारी बाई येते, पाठीला मोनार्क फुलपाखराचे प्रचंड पंख, बाजूला तो धातूचा घोडा. ही फुलपाखरं कॅनडा-अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत येऊन मिचोआकानच्या डोंगरांतल्या ओयामेल झाडांवर हिवाळा काढतात, आणि ती पोचतात नेमकी मृतांच्या दिवसाच्या सुमारास. म्हणून तिथले लोक त्यांना परत आलेले पूर्वज मानतात. धावणारी बाई म्हणजे उत्तर मेक्सिकोतल्या चिवावाच्या दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्या रारामुरी लोकांना केलेला नमस्कार. ही माणसं साध्या चपला घालून प्रचंड अंतरं धावतात. एवढं माहीत असेल तर पहिलंच दृश्य हाती लागतं, नाहीतर "छान पंख आहेत" इतकंच.

सेनोटेचं सांगून ठेवा. मेक्सिकोतल्या युकातानच्या चुनखडीत नद्या वर वाहत नाहीत, पाणी जमिनीखालच्या गुहांत. छत कोसळलं की विहिरीसारखा डोह तयार होतो. माया लोकांना तो पाताळाचा दरवाजा वाटे. पट्ट्यांना लोंबकळणारा, पाण्यात बुडून वर उसळणारा माणूस अशाच एका डोहात असतो आणि काठावर जग्वार येतो. ते पंधरा मिनिटांइतकं वाटतं, प्रत्यक्षात कितीतरी कमी असेल. त्या वेळी माझ्या शेजारचा अनोळखी माणूसही श्वास रोखून बसला होता.

उभ्या खांबांवरची कसरत आली की मात्र तुम्हाला कुणी काही सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत मलखांबाशेजारी वाढलेल्या माणसाला ती लगेच कळते. बाबा तिथे पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. "पकड बघ, पकड," एवढंच बोलले. त्यांच्या तंत्रात आणि आपल्या तंत्रात फरक आहे, हे खांब बारीक, आणि माणूस एकावरून दुसऱ्यावर उडतो. पण मांडीची पकड पाहून बाबांनी त्या पोरांना मनातल्या मनात सांगलीचंच नागरिकत्व दिलं, असं मला वाटतं.

बाकीचं थोडक्यात: मुखवटा घातलेला पैलवान झोक्यावर पूर्ण गोल फिरतो, तो 'लुचा लिब्रे' या तिथल्या कुस्तीचा. अंग अशक्य वळवणारा कलाकार 'आलेब्रिखे' या रंगीत, काल्पनिक प्राण्यांची आठवण करून देतो. पेद्रो लिनारेस यांनी मेक्सिको शहरात गेल्या शतकात ते कागदाच्या लगद्यातून घडवले. गायिकेच्या पांढऱ्या झग्यावर लाल फुलं आपोआप उमलतात, तिकडे नजर ठेवा. विदूषक पाण्याची बाटली भरायला जातो आणि पाऊस त्याला चकवतो, हा प्रवेश लहान मुलं घरी येऊन करून दाखवतात, तेव्हा बाथरूमची काळजी घ्या.

एक गोष्ट मोठ्यांशी बोलून ठेवावी असं मला वाटतं. हा खेळ उभा करताना मेक्सिकोच्या पर्यटन खात्याचा पैसा लागला होता आणि त्यावर तिथेच टीकाही झाली. दिग्दर्शक दानिएले फिन्झी पास्का स्वित्झर्लंडचे, नेपथ्य मात्र मेक्सिकोच्या एउखेनियो काबायेरो यांचं, ज्यांना ऑस्कर मिळालेला आहे. म्हणजे हा पाहुण्यांसमोर मांडलेला मेक्सिको, दिवाणखान्यातला. मागच्या खोलीतलं त्यात नाही. आपण पाहुण्यांना स्वयंपाकघरातली ओली भांडी दाखवत नाही, तसंच. हे माहीत ठेवून पाहिलं तरी झेंडूच्या शेताचा रंग कमी होत नाही.

शेवटी सगळे कलाकार एका मोठ्या टेबलाभोवती जमतात, मेजवानी चालते. ते सुरू झालं की काही लोक पार्किंगच्या भीतीने उठतात. उठू नका. गर्दी ओसरेपर्यंत दहा मिनिटं जागेवर बसून राहा, गाडीत थर्मासमध्ये चहा ठेवलेला असेल तर तो कामी येतो. आमच्याकडे बाबांनी तेव्हाच विचारलं, परवा पुन्हा तिकिटं मिळतील का.