‘आय मॅनेज’ म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करू इच्छिणाऱ्या आपल्याकडील बहुतेक जणी इंग्रजीची तयारी परीक्षेपुरती करतात. मीही तशीच केली होती. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदणीसाठी मी ओईटी ही आरोग्यक्षेत्राची इंग्रजी परीक्षा दिली. तिच्या संभाषणाच्या भागात समोरची व्यक्ती रुग्णाची किंवा नातेवाइकाची भूमिका करते आणि आपले दुखणे पुष्कळसे स्पष्ट शब्दांत सांगते. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र वयस्क रुग्ण आपला त्रास फार थोड्या शब्दांत सांगतात, आणि ते थोडे शब्द बहुधा ‘निभावून नेणे’ याच अर्थाचे असतात. म्हणून नव्याने येणाऱ्यांनी हे शब्द वेगळे शिकून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

उत्तर इंग्लंडमधील एका रुग्णालयात माझे पहिलेच वर्ष होते. घरात पडल्यामुळे दाखल झालेल्या एका आजींना मी विचारले, ‘हाऊ आर यू मॅनेजिंग ॲट होम?’ त्या हसून म्हणाल्या, ‘ओह, आय मॅनेज, लव्ह.’ घरी त्यांचे सर्व व्यवस्थित चालते, असे समजून मी तशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रुग्णाला रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) त्यांना एकच प्रश्न अधिक विचारला: जिना कसा चढता? तेव्हा कळले की कित्येक आठवडे त्या जिना चढल्याच नव्हत्या, खालच्या खोलीत खुर्चीतच झोपत होत्या आणि चहा व टोस्टवर दिवस काढत होत्या. माझ्या गावच्या एखाद्या आजीने ‘भागतंय गं’ असे म्हटले असते, तर त्या स्वरामागची ओढाताण मला तत्काळ कळली असती. ‘आय मॅनेज’ हे तेच ‘भागतंय’ होते. मी ते ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकले. तेव्हापासून हे उत्तर आले की मी जिना, अंघोळ, स्वयंपाक आणि औषधाच्या गोळ्या यांविषयी एकेक करून विचारते.

‘मस्टंट ग्रंबल’, ‘बेअरिंग अप’ आणि ‘गेटिंग बाय’ ही उत्तरेही अशीच ऐकावी लागतात. पहिल्यात कुरकुर करू नये हा संस्कार आहे, दुसऱ्यात दुःखाखाली उभे राहणे आहे (जोडीदार गेलेल्या माणसाकडून ते वारंवार ऐकू येते), आणि तिसऱ्यात तुटपुंज्या साधनांवर दिवस काढणे आहे. ‘मेक डू’ म्हणजे हवे ते नसताना हाताशी असेल त्यावर भागवणे. दुसऱ्या महायुद्धात कपड्यांवर रेशन असताना, 1943 मध्ये, ब्रिटिश सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ या नावाची पुस्तिकाच काढली होती. ज्यांचे बालपण त्या टंचाईत गेले, त्यांच्या तोंडी हा शब्द अभिमानाने येतो, आणि अशी माणसे मदत सहजासहजी मागत नाहीत.

नोंदी लिहिताना ‘मॅनेज्ड’चा उपयोग फार होतो. ‘मॅनेज्ड हाफ हर लंच’ म्हणजे अर्धे जेवण कसेबसे गेले. ‘शी कुड वॉक’ म्हटले तर तिला चालता येत असे, एवढीच क्षमता कळते. ‘शी मॅनेज्ड टू वॉक टू द टॉयलेट’ म्हटले की आज ती कष्टाने, पण खरोखर चालत गेली, हे कळते. ‘पुल थ्रू’ हा गंभीर दुखण्यातून तगण्याचा शब्द आहे. रात्रपाळीत नातेवाईक ‘विल ही पुल थ्रू?’ असे विचारतात, तेव्हा तो जगेल का, हाच प्रश्न असतो; त्याचे उत्तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. ‘सर्व्हाइव्ह’ला ‘फ्रॉम’ लागत नाही, आणि ‘कोप’नंतर आपण सवयीने घालतो तो ‘अप’ही लागत नाही, ‘कोप विथ’ एवढेच पुरते.

‘मॅनेज’ आणि ‘कोप’ यांतील फरक त्यांच्या मुळांतही दिसतो. ‘मॅनेज’ हा इटालियनमधील घोडा हाताळण्याच्या शब्दावरून आला असून त्याच्या मुळाशी हात आहे, जसा आपल्या ‘हाताळणे’मध्ये आहे. ‘कोप’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधील प्रहाराचा शब्द आहे. आजही पहिला शब्द बहुधा कामाविषयी बोलतो, तर दुसरा मनावरच्या भाराशी चाललेल्या झुंजीविषयी.

हा फरक स्वतःसाठीही लक्षात ठेवा. माणसे कमी असलेल्या पाळीत आपण सवयीने ‘आय विल मॅनेज’ म्हणून मोकळ्या होतो, आणि ऐकणारी व्यक्ती ते होकार म्हणूनच घेते. इतके रुग्ण एकटीला सुरक्षितपणे सांभाळता येणार नसतील, तर ‘आय कान्ट मॅनेज धिस सेफली ऑन माय ओन’ असे पाळीच्या सुरुवातीलाच प्रभारी परिचारिकेला सांगावे. आणि झोप उडाली असेल, घराच्या आठवणीने रडू येत असेल, तर ‘आय ॲम नॉट कोपिंग’ हे वाक्य वॉर्ड मॅनेजरपुढे उच्चारावे. माझ्या तोंडून ते निघायला आठ महिने लागले; त्याच आठवड्यात माझ्या सलग रात्रपाळ्या बदलल्या गेल्या.