विजापूरला निघण्याआधी वार बघा

सगळ्यात आधी कॅलेंडर. गोल घुमटासमोरच्या नगारखान्यात जे पुरातत्त्व संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. एरवी सकाळी १० ते संध्याकाळी ५. आईला पहिल्यांदा घेऊन गेलो तो नेमका शुक्रवार. घुमट उघडा आणि संग्रहालयाला कुलूप. जुने शिलालेख बघायचे म्हणून ती आठवडाभर आधीपासून बोलत होती. दाराशी थोडा वेळ उभी राहिली, मग काही न बोलता वळली. म्हणून वार बघितल्याशिवाय गाडी सांगू नका.

निघायचं मात्र पहाटेच. सोलापूरहून विजापूर साधारण १०० किलोमीटर: मंद्रूप, टाकळी, भीमेचा पूल, झळकी. पाचला विजापूर रोडला लागलात तर उन्हं चढायच्या आत पोचता. संग्रहालय दहाला उघडतं, तर मग एवढी घाई का? तर वरच्या सज्जासाठी. घुमटाच्या आतून गोल फिरणाऱ्या या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, की आवाज त्या वळणाला धरून सरकत जातो आणि सुमारे ३८ मीटरवर, पार समोर बसलेल्याच्या कानात उतरतो. गेल्या खेपेला भाचीने पलीकडे गोळीचा कागद चुरगळला. मला वाटलं माझ्याच खिशात काहीतरी वाजलं. शाळांच्या सहली आल्या की हे सगळं संपतं. प्रत्येक पोराला आरोळी ठोकायची असते आणि प्रत्येक आरोळी पुन्हा पुन्हा घुमत राहते. तुमच्या पोरांना घरीच बजावून ठेवा: तिथे ओरडायचं नाही, कुजबुजायचं.

सज्जात जायला कोपऱ्यातल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यातून चढावं लागतं. जिना अरुंद, पायऱ्या उंच. पिशवी खांद्याला अडकवा, दोन्ही हात मोकळे हवेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना भीड घालून वर नेऊ नका. खाली मधोमध उभं राहून वर बघितलं तरी मान अवघडेपर्यंत बघण्यासारखं आहे: एकमेकांत गुंफलेल्या कमानींनी तो एवढा घुमट तोलून धरलाय, मध्ये एक खांब नाही. मुहम्मद आदिलशहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६) ही कबर.

दहा वाजले की संग्रहालय. त्याचं तिकीट वेगळं, सुटे पैसे ठेवा. इथे निदान तास द्या. मूर्ती, शिलालेख, शस्त्रं, हस्तलिखितं, चिनी मातीची भांडी असं बरंच आहे. छोटी वही न्या. आईने दुसऱ्या खेपेला एका शिलालेखातली अक्षरं तशीच्या तशी उतरवून घेतली, एक ओळ उतरवायला पंधरा मिनिटं लागली, आणि ती वही अजून देवघरात आहे.

जेवणाला कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, उन्हात टिकतं. पाणी माणशी दोन लिटर. टोपी, स्कार्फ विसरू नका, आणि एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एसटी किंवा कर्नाटकच्या गाडीने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारा. पाट्या कानडीत असल्या तरी आपली मराठी-हिंदी चालते.

दुपारनंतर गावाच्या पश्चिमेला. तिथे बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. विजापुरात आली ती आपल्या परांड्याच्या किल्ल्यावरून. आपण एखाद्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो ना, तीच ही. मुलांना तिचं तोंड जवळून दाखवा: सिंहाचा जबडा आणि दातांत हत्ती. दगडाने ठोकून बघू देऊ नका.

शेवटी उपली बुरूज. नळदुर्गचा उपळ्या चढलेल्यांना नाव ऐकूनच ओळख पटेल. १५८४ च्या सुमाराला हैदरखानाने बांधलेला, जवळजवळ २४ मीटर उंच, वर लांबलचक तोफा. पायऱ्या बाहेरून बुरुजाला वळसा घालत जातात, तेव्हा मुलांना भिंतीच्या बाजूने धरा. वरून सगळं गाव दिसतं. सकाळी जिथे कुजबुजलात तो घुमट पूर्वेला शोधायला सांगा. अंधार पडायच्या आत उतरा, वाटेत भीमेचा पूल ओलांडला की चहा घ्या.