कापसाच्या वजनांची फाईल पायथनच्या डिक्शनरीत (गावाच्या नावापुढे वजन ठेवणाऱ्या यादीत) घेताना

फाईलमध्ये गाडीमागे एक ओळ: ‘आर्वी,१२.४०’, म्हणजे गाव आणि क्विंटल. देवनागरी आकडे बदलत बसू नका, पायथनचा फ्लोट (मजकुराचा दशांश आकडा करणारं फंक्शन) ते तसेच वाचतो. शेवटच्या रिकाम्या ओळीवर व्हॅल्यूएरर आला, कारण स्वल्पविरामावर ओळ तोडणाऱ्या स्प्लिटला दोनऐवजी एकच तुकडा मिळाला. आधी स्ट्रिप केलं (कडेच्या स्पेस काढल्या), ओळ रिकामी निघाली तर कंटिन्यू, म्हणजे थेट पुढची ओळ. पहिल्याच गावाचं वजन मागितलं तर कीएरर, म्हणजे ते नाव डिक्शनरीत नाही! नोटपॅडने सुरुवातीला न दिसणारा बीओएम (एन्कोडिंगची खूण) चिकटवला होता. फाईल उघडणाऱ्या ओपनमध्ये, ही खूण वगळून वाचणारं एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिल्यावर गाव सापडलं.

खरी फसगत बिनआवाजाची. आर्वीची दुसरी गाडी ८.१५ची, तर डिक्शनरीत ८.१५च उरतं, आधीचे १२.४० पुसले जातात, एररही येत नाही. म्हणून डिक्शनरीच्या गेटने आधीचं वजन घेतलं (गाव नसेल तर डीफॉल्ट शून्य) आणि त्यात नवं वजन मिळवलं: २०.५५. स्वल्पविरामाआधी स्पेस राहिली तर मात्र दोन आर्व्या होतात, तेव्हा गावालाही वेगळं स्ट्रिप लावा.